नाल्यापलीकडचा धूर

१९ मार्च, बुधवार

गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर राख. आधी कबुतरांना शिव्या घातल्या. बोट फिरवलं तर करडी रेघ उमटली. पुन्हा धुतली चादर.

नाल्यापलीकडच्या टेकडीवर जंगल जळतंय. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जळतं, पण ते लांब असायचं. यंदा वास घरात येतो.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, सिस्टर रोझलिया कपाळावर राखेची खूण घेऊन वर्गात यायच्या. आम्ही सगळ्या मुली टक लावून बघायचो, गणितं चुकायची. आजही बुधवारच.

टीव्हीवर अंतराळातली माणसं परत आली. आठ दिवसांसाठी गेली होती, नऊ महिने अडकून पडली. हे लगेच म्हणाले, "नूतन, हा प्रश्न पक्का." चौदा एप्रिलला विहारात मुलांची प्रश्नमंजूषा असते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच घेतात. महिनाभर आधीपासून सगळे प्रश्न माझ्यावर तपासून बघतात. मला आलं तर प्रश्न सोपा, म्हणून रद्द.

२१ मार्च

कूलर लावला की बाहेरचा धूर आत ओढतो. बंद केला की खोलीची भट्टी. ह्यांचा दमा! दिवसभर हाच खेळ— लावू की बंद करू?

शेवटी बंद. खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल कोंबले. अंधार, घाम आणि पंख्याची घरघर. सिस्टर रोझलिया वर्गात आल्या की आधी खिडक्या उघडायला लावायच्या, डिसेंबरातसुद्धा. "ताजी हवा फुकट आहे, मुलींनो, घ्या!"

२२ मार्च

आज ह्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणजे श्वास पुरत नाही. मला ह्यांच्या छातीचं असं कळतं.

२३ मार्च

शेवंताबाई सकाळी उशिरा आली. अंगाला मोहाचा गोड, आंबूस वास. आधी फुलं वेचायची, मग आमची भांडी. नाल्यापलीकडे तिची तीन झाडं आहेत. जंगल सरकारचं, पण कोणाचं झाड कोणतं हे मोहल्ल्याला ठाऊक असतं. दुसरं कोणी तिथे हात लावत नाही.

"सासूनं देल्ली झाडं," म्हणाली. "सोनं देल्लं नाही, झाडं देल्ली. सोनं तं केव्हाचं मोडलं असतं."

आम्ही दोघी हसलो. आतून हे खोकले. ती म्हणाली, "गुरुजीले आल्याचा रस द्या." वीस वर्षं हेच औषध सांगते आहे.

२४ मार्च

रामपायलीहून ह्यांच्या बहिणीचा, आम्रपालीचा फोन. "इकडे भाताची बांधीच बांधी, शेतंच शेतं. धूर नावाला नाही. या ना वहिनी." हे मान हलवतात. मला म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी खोकायला लाज वाटते." सख्खी बहीण दुसऱ्याची कधी झाली?

शिवाय प्रश्नमंजूषा.

२६ मार्च

आज जे पाहिलं ते इथेच लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगणार?

संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले. पलीकडे शेवंताबाई तिच्या मधल्या झाडाखाली वाकली होती. वाळलेला पाला पेटवत होती. पाला जळला की जमीन साफ होते, पहाटे पडलेलं फूल लगेच दिसतं. सगळेच करतात. मग हिरवी फांदी घेऊन तिने कडेकडेची आग झोडपून विझवली. नीट. पुन्हा एकदा फिरून पाहिलं आणि टोपली घेऊन निघून गेली.

ती नाला उतरली नसेल तोच वारा सुटला. मला दिसलं— एक ठिणगी उठली, बांबूच्या बेटात पडली. आधी काहीच नाही. मग बारीक धूर. मग बेट खालून पिवळं झालं.

मी ओरडले. एवढ्या लांबून कोण ऐकणार! फोन लावला तर तिचा फोन इथेच, माझ्या ओट्यावर चार्जिंगला.

ती घरी गेली ते आपण विझवून आलो याच समजुतीत.

२८ मार्च

म्यानमारला भूकंप. बँकॉकमध्ये बांधकाम चाललेली उंच इमारत कोसळताना पुन्हा पुन्हा दाखवतात. बंद खोलीत बसून ते बघवेना. टीव्ही बंद केला.

दुपारी नाकेदार चैतराम आला. जंगलखात्यातला, ह्यांचा जुना विद्यार्थी. पाठीवर पाला उडवायचं मशीन, डोळे लालभडक. पाण्याचा तांब्या एका दमात संपवला.

"मॅडम, सॅटेलाइट से मेसेज आता है. आग कहाँ लगी, मोबाइल पे दिख जाता है. किसने लगाई, वो नहीं दिखता. आपकी छत से तो सब दिखता है. कुछ देखा?"

ह्यांनी मध्येच टोकलं, "चैतराम, शाळेतही तुला उत्तर आलं नाही की शेजारच्याच्या वहीत बघायचास."

"गुरुजी, तभी तो पास हुआ."

सगळे हसले. मी म्हणाले, "नहीं भैया, मैंने कुछ नहीं देखा." इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं. हे माझ्याकडे बघत होते. का, कळलं नाही.

नाव सांगितलं तर तिच्यावर केस, आणि झाडं कायमची बंद. नाही सांगितलं तर ह्यांची छाती. दोन्हीकडून दार लावलेलं.

३० मार्च, पाडवा

मला युक्ती सुचली! पाला जाळण्यापेक्षा झाडाखाली साड्या अंथरायच्या. फुलं अलगद साडीवर पडतील. पहाटे चार टोकं धरली की झालं काम. तिला दोष न देता सगळं मिटेल.

ट्रंक उघडली. निरोप समारंभाची आकाशी जॉर्जेट— ती नेसून आम्ही मैत्रिणी सिस्टरांबरोबर फोटोला उभ्या राहिलो, सगळ्या जणी रडून डोळे सुजलेल्या. मुलाच्या, विवेकच्या जन्मानंतर आईने पाठवलेली मोतिया रंगाची. बदलीच्या गावी घेतलेली हिरवी, जी नेसल्यावर ह्यांनी आयुष्यात एकदाच "बरी दिसतेस" म्हटलं. एकेक नाकाशी धरली. डांबरगोळ्यांचा वास. आता नेसून जायचं कुठे? दिवसभर गाऊन आणि ओले टॉवेल.

शेवंताबाईला दिल्या. म्हटलं, "जुन्याच आहेत हो, झाडाखाली अंथरायला होतील." ती हरखली. पदराने डोळे पुसले. एवढं काय रडायचं त्यात?

१ एप्रिल

धूर कमी! कूलर लावला. ह्यांनी तीन प्रश्न विचारले. कोणत्या प्राण्याला तीन हृदयं असतात? ऑक्टोपस. मला आलं, म्हणून रद्द.

इथे एकाच्या छातीची काळजी घेता घेता जीव जातो, त्याला तीन दिली!

४ एप्रिल

पुन्हा धूर. त्याच झाडांच्या मागे.

दुपारी दारात शेवंताबाईची नात प्रियंका. कॉलेजात कार्यक्रम होता. अंगावर माझी आकाशी जॉर्जेट, खांद्याला व्यवस्थित पिन. "नानी बोली, मॅडम के पैर छू के आ." इतकी गोड दिसत होती की मी दृष्ट काढली. मग डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी विचारलं, "शेवंताबाई, साड्या झाडाखाली अंथरायला दिल्या होत्या ना?"

ती बघतच राहिली. "खरंच मातीत आथराले देल्ल्या व्हत्या? मले वाटलं, तुम्ही लाजून बोलल्या. देनारा मानूस असंच बोलते न बाई— जुनंच हाय, पायपुसनं करजा. मी लोकाइच्या घरी भाकर देतो तं म्हनतो, वाळकी हाय, ढोराले टाका. म्हून का ते ढोराले टाकते?"

"मग पाला...?"

"जाळला न. मंग फूल कसं दिसन? पन मी विझवूनच येतो, बाई. बुढीची शपथ."

बुढी म्हणजे सासू. शपथ खरी होती, हेच तर वाईट. ठिणगीचं तेव्हाच सांगायला हवं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि मी चहा ठेवायला वळले.

हे आतून सगळं ऐकत होते. हसले, हसता हसता ठसका लागला. पंप दिला तरी बराच वेळ थांबेना.

६ एप्रिल

वीज गेली, वाफेचं मशीन बंद. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले. ह्यांच्या गळ्याखाली खळगा पडतो आणि भरतो, पडतो आणि भरतो. त्याच्यावरून नजर हलेना. प्रश्नांचा कागद उशाखाली दाबून ठेवलाय.

विवेकचा पुण्याहून फोन. "मम्मी, पापा को लेके निकलो ना वहाँ से." माझं पोर, आणि मराठी बोलताना अडखळतं म्हणून हिंदीत रागावतं.

७ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, ह्यांना या हवेतून हलवा. हे म्हणाले, चौदा तारखेनंतर.

८ एप्रिल

आग नाल्याच्या काठापर्यंत आली. मोहल्ल्यातली पोरं, बायका फांद्या घेऊन धावल्या. शेवंताबाई सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून झोडपत होती. स्वतःच्याच हातून लागलेली आग! मी काचेला नाक लावून उभी. ह्यांना सोडून जाता येईना, खिडकी उघडता येईना.

परत आली तेव्हा भुवया होरपळल्या होत्या. "कोन मेल्यानं लावली, त्याच्या हाताले किडे पडो," म्हणाली. मी तिच्या भुवयांना खोबरेल लावलं.

९ एप्रिल

चैतराम पुन्हा आला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, सोचिए. गुरुजी की हालत देखिए." गेला.

मी ह्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "उद्या मी त्याला नाव सांगणार. मी पाहिलंय."

हे उशीला टेकून उठून बसले. मग थांबत थांबत बोलले. "मीही पाहिलंय. त्याच संध्याकाळी. बाथरूमच्या झरोक्यातून."

"मग चैतरामसमोर बोलला का नाहीत?"

"तू नाही म्हणालीस. मग मी कसं हो म्हणू?"

दोघंही दोन आठवडे एकच गोष्ट गिळून बसलो होतो. एकाच बंद खोलीत! मला हसू आलं, मग रडू. ह्यांनी माझा हात धरला. तळवा गरम होता.

म्हणाले, "तिला दुसरं आहे काय? रामपायलीला फोन लाव. आपणच जाऊ."

"आणि प्रश्नमंजूषा?"

"हेमराज घेईल." हेमराज विहाराचा सेक्रेटरी, ह्यांच्या मते त्याला देशाची राजधानीसुद्धा दोनदा विचारावी लागते.

१० एप्रिल

बॅग भरली. शेवंताबाईला किल्ली दिली, तुळशीला पाणी घाल म्हटलं.

"काहून चालल्या? गुरुजी तं जयंती सोडून कुठीच जात नाहीत."

"हवापालट."

तिने किल्ली पदराला बांधली. मग हळू विचारलं, "धुरापायी न?"

हे उत्तर मला आज ना उद्या द्यावंच लागणार होतं. सांगितलं. ती नाला उतरत होती तेव्हाचा वारा, ठिणगी, बांबूचं बेट. चैतरामला कळलेलं नाही आणि आमच्याकडून कळणार नाही, हेही सांगितलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

ती खाली बसली. होरपळलेल्या भुवईवरून बोट फिरवत राहिली. "इतले दिवस काहून नाही बोलल्या?"

तिने उरलेली भांडी घासली, ओटा पुसला आणि गेली. जाते म्हणाली नाही.

१२ एप्रिल, रामपायली

इथे खिडक्या उघड्या आहेत. सकाळी देवळाच्या घंटा ऐकू येतात, बांधावरून बगळे उडतात. हे रात्रभर झोपले. आम्रपाली मुगाची खिचडी करते, वर तुपाची धार. खोकला आला की हे अंगणात जातात— तिला ऐकू जाऊ नये म्हणून. ती मला म्हणते, "दादा सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा वागते."

सगळं छान. तरी मी सारखी फोन लावते. शेवंताबाईचा फोन लागत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी चैतरामचा फोन. शेवंताबाई काल स्वतः जंगलखात्याच्या नाक्यावर गेली. "आग मैंने लगाई, मेरा नाम लिखो. गुरुजी को घर बुला लो," एवढंच बोलली. नाव लिहून घेतलंय. तिन्ही झाडं तिच्याकडून गेली. आग विझली आहे. "अब आप लोग आराम से आ जाइए, मॅडम. बच्चे गुरुजी की राह देख रहे हैं."

हे बूट घालून, पांढरा शर्ट चढवून अंगणात उभे आहेत. परतीची बस येईल. मला उठवत नाही.