सुरुंगाच्या भोकातलं बिऱ्हाड

अहो,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. अक्षर लेकीचं आहे, टोमणे माझे.

इथं लेकीकडे मी बरी आहे. तुमची जुनी दगडखाण आता ओळखू येत नाही. तळाशी पाणी साठलंय, काठाला लव्हाळे डुलतात, आणि आपली लेक तिथं रोपं लावते. "त्या खड्ड्यात कुसळही उगवायचं नाही," म्हणाला होतात ना? आता तीच कुसळं माझ्या पदराला चिकटून घरापर्यंत येतात.

कड्यात तुम्ही सुरुंगासाठी पाडलेली भोकं तशीच आहेत. एकात चिमणीएवढ्या पाखरानं बिऱ्हाड थाटलंय. पिल्लं जेवणासाठी ओरडतात, अगदी तुमच्यासारखी.

खोकला कसा आहे? काढा स्वतः पिता, की तुळशीला पाजता?

"जन्मभर नुसता खड्डा खणला," असं म्हणत उंबऱ्यात बसू नका. पिल्लं उडायच्या आत या आणि त्यात कुणाचा संसार उभा राहिलाय ते डोळ्यांनी बघा.

अजून एक सांगायचं होतं. पण तुम्हाला ऐकू येतं कमी, म्हणजे शेजारीण हे पत्र ओरडून वाचणार आणि सगळी गल्ली ऐकणार. ते तुम्ही आलात की कानात सांगेन.

तुमचीच,
घरची कटकट