अर्धं पाणी

आईस एवोईचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवतो-खातो. या महिन्यात तुर्कवेल नदीला लोंढा आला आणि पाटाचं तोंड गाळानं बुजलं. आम्ही सगळ्यांनी नऊ दिवस गाळ उपसला. पाठ अजून नीट सरळ होत नाही, पण ते दुखणं नव्हे, नुसता थकवा आहे.

पाणी आलं ते थोडंच, आणि पहिली पाळी माझी. शेजारची म्हातारी नाकुवाम बांधावर येऊन म्हणाली, "एवोई, माझी ज्वारी उद्यापर्यंत टिकायची नाही रे."

मी म्हणालो, "मावशी, माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

"असू देत बाबा," म्हणत ती परत फिरली. ती वाटेत दोनदा टेकली. मग मला राहवेना. मी अर्धं पाणी तिच्या वाफ्यांत सोडलं.

तिची ज्वारी वाचली. माझी खालच्या अंगाची करपली.

तुला दोन पोती कबूल केली होती, एकच पाठवतो. बकऱ्या दूध देतात का? तू पितेस, की सगळं नातवंडांनाच देतेस? आणि मी चुकलो असं वाटलं, तर तसंच कळव.

तुझा थकलेला,
एवोई