कुणाची गंजी

मिरजगाव, ता. कर्जत
११ फेब्रुवारी १९७३

ती. श्रीमंतदादास,

धाकट्या रंगनाथचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईची तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. आपल्या विहिरीनं पौषातच तळ गाठला. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर जातात. तुमच्या बेलापूरकडे पाटाला पाणी आहे असं ऐकतो. तुम्ही सगळे सुखात असाल.

मी अजून आप्पासाहेबांच्या तंबूच्या सिनेमातच आहे. दिवसा टांग्यातून भोंग्यावर जाहिरात करायची आणि दिवेलागणीला दाराशी उभं राहायचं. गेल्या सोमवारी तंबूत एक प्रकार झाला. तो तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येण्याआधी मीच लिहितो.

त्या दिवशी देवाचा सिनेमा लागायचा होता. एस.टी.नं आलेली पेटी उघडली तर आत भलताच सिनेमा निघाला. इंग्रजी, घोडेस्वारांचा. माणसं तर खडीवरनं परस्पर येऊन बसलेली. आप्पासाहेबांनी माइक माझ्या हातात दिला. म्हणाले, "काय चाललंय ते मराठीत सांगत जा."

"मला इंग्रजी कुठं येतं, आप्पासाहेब?"

"त्यान्ला तरी कुठं येतंय?"

मग मी सांगायला लागलो. पहिल्या दोन रिळांत धूळ, घोडे, एक दारूचं दुकान. लोक हसले, खूश झाले. पुढं मात्र गोळीबार थांबला. एक पिकल्या दाढीचा घोडेस्वार लांबून येतो आणि एका लाकडी घरासमोर थांबतो. घरात त्याच्यापेक्षा लहान एक माणूस आहे. दोघांची नाकं सारखी, म्हणून मी त्यांना भाऊ करून टाकलं. थोरला घोड्यावरून उतरत नाही, धाकटा दार उघडत नाही. नुसती तोंडं दिसतात, एकदा ह्याचं, एकदा त्याचं. पोरं ओरडली, "आरं, घाल की गोळी!"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ह्यो आत जात न्हाई, कारन बापानं ह्याला दारात पाय ठिवू नको म्हनून सांगितलंय. वर्साच्या कडब्याची गंजी ह्यानंच पेटवली, असं समद्यान्ला वाटतंय. पन गंजी ह्यानं पेटवली न्हाई. ती धाकट्याच्या बिडीनं पेटली."

दादा, पडद्यावर गंजी कुठंच नव्हती. नुसतं ओसाड रान होतं. मी काय बोललो ते माझ्या आवाजातच मला भोंग्यातून ऐकू आलं.

बायकांच्या बाजूनं आपल्या भावकीतली छबूकाकू उठून उभी राहिली. "कुनाची गंजी रं, रंगनाथ?"

मशीन तेवढं घरघरत होतं. मी म्हणालो, "आमची, काकू."

नऊ वर्षं झाली. त्या संध्याकाळी तुझं आणि तात्यांचं वाजलं होतं. तू रागाच्या भरात म्हणालास, "आग लागू दे ह्या शेताला." मी गंजीआड बसून सगळं ऐकत होतो. तात्या तिकडंच येताहेत असं वाटलं, म्हणून जळती बिडी तशीच टाकून पळालो. पळताना तुझी नजर माझ्यावर पडली होती. रात्री तात्यांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा मी उंबऱ्यातच उभा होतो, एकोणीस वर्षांचा बाप्या. मी बिडीचं सांगितलं नाही, आणि तूही नाही. तू जाताना मला म्हणालास, "तात्यांकडं बघ." ते शब्द मी नऊ वर्षं ऐकतोय.

मंगळवारी सकाळी आईला मी स्वतः सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले, तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग एवढंच म्हणाली, "तुज्या बापाला सांगाया पायजे हुतं." तिन्हीसांजेला जवळ आली. "मी श्रीमंताकडं जाते. त्याच्या पाया पडते. पन बाप मरायला टेकला, तार गेली, तरी आला न्हाई, ते मी त्याला इचारनार हाय."

तेव्हाही मी गप्प बसलो. माइक हातात नव्हता.

आता लिहितो. तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा तीनदा म्हणाले, "श्रीमंताला तार कर." मी मिरजगावच्या पोस्टात गेलो. फॉर्मवर तुझं नाव घातलं, पत्ता घातला. तू आलास, तात्यांनी तुला जवळ बसवलं, आणि गंजीची गोष्ट निघाली तर? मी फॉर्म फाडला. घरी येऊन सांगितलं, "केली तार." तात्या चार दिवस तोंड दाराकडं करून पडले होते. एस.टी.चा हॉर्न वाजला की विचारायचे, "आला का रं?" पाचव्या दिवशी विचारलं नाही. तुला माझं कार्ड मिळालं ते दहावा झाल्यावर.

गंजी चुकून पेटली, दादा. तार चुकून राहिली नाही.

तेव्हापासून आईनं तुझं नाव टाकलं होतं. तू न आल्याचं तिच्या जिवाला फार लागलंय. मला वेळेवर का कळवलं नाही, हे तू मात्र एका शब्दानं कुणाला विचारलं नाहीस.

आई उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे. छबूकाकू सोबत आहे. हे पत्र मी आईच्याच पिशवीत ठेवतो. तिला वाचता येत नाही. पत्रात खुशाली लिहिली आहे, एवढंच तिला माहीत आहे. मी येत नाही. तू बोलावलंस तर येईन, आणि नाही बोलावलंस तरी तुझ्याबद्दल वाईट वाटून घेणार नाही.

दारात पाय ठेवल्या ठेवल्या ती तुला तेच विचारील. तू उत्तर देऊ नकोस, दादा. तिला बसव, पाणी दे, आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. माझी दया येऊन तारेची गोष्ट गाळू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

ज्याच्यासाठी तू घर सोडून गप्प राहिलास,
तो
रंगनाथ