अर्धवट वळवलेला काठ

४ सप्टेंबर

हार्लन आला होता. माझ्या दारात! घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. हातात नोरीनने केलेला हकलबेरीच्या रानफळांचा केक. नवी बायको जुनीला गोडधोड पाठवते! कुत्र्याला घातला.

त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा ओढवत नाही. "व्हर्ना, नेमबाजी क्लबच्या स्पर्धेसाठी माझ्या चव्वेचाळीसच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरून देशील?"

मी हसलेच. इथे दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी आपल्या बंदुकीत घालत नाही. बायकोने भरलेलंही नाही. अख्खा संसार झाला, ह्याने माझं एकही उडवलं नाही.

"कोणाला बोलू नकोस," म्हणाला. "माझी अब्रू जाईल."

अब्रू म्हणे.

५ सप्टेंबर

डोकं तापलंय. आम्ही एकत्र होतो तेव्हाची ती स्पर्धा डोळ्यांपुढून हलत नाही.

काडतुसाच्या पितळी पुंगळीचा काठ गोळीच्या खाचेत घट्ट वळवला नसेल, तर चव्वेचाळीसच्या धक्क्याने उरलेल्या गोळ्या पुढे सरकतात आणि रिव्हॉल्व्हरचा फिरता सिलिंडर अडकतो. माझा अडकला — सगळ्यांदेखत. काठ वळवायचा साचा सैल केला होता ह्यानेच, आपल्या दुसऱ्या पिस्तुलासाठी, आणि तसाच सोडून जेवायला बसला. हे ठाऊक असून माईकवर म्हणाला, "बाईने स्वयंपाक सोडून काडतुसं भरली की असंच व्हायचं!" काय हसले लोक. तेव्हापासून क्लब मला बोलावतो तो चिलीचा रस्सा ढवळायला.

चोराच्या उलट्या बोंबा. आणि आता माझ्याच दारात.

९ सप्टेंबर

हो म्हणून कळवलं. ह्याची जिरवायची, तीही त्याच मैदानात.

१३ सप्टेंबर

काठ कसा वळवावा, ह्यावर दोन दिवस घालवले. अजिबात वळवला नाही तर म्हातारा बघताक्षणी ओळखेल. पिस्तुलाच्या काडतुसासारखा नुसता आवळला, तर नख फिरवून ओळखेल. चारी बाजूंनी दाबणारा चिमटा आहे माझ्याकडे, पण तो फारच पक्का धरतो. नको.

शेवटी साच्याचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. काठ आत वळलेला दिसतो, धरत मात्र काही नाही. एक काडतूस टेबलावर ठोकून पाहिलं, गोळी केसभर हलली.

छान.

सगळे म्हणतील, हार्लनला आता काडतुसंही भरता येत नाहीत. माझं नाव कोण घेणार? त्यानेच लपवायला सांगितलंय.

१४ सप्टेंबर

वाईट वाटतंय का, स्वतःला विचारलं. नाही. गोळी नळीत अडकून राहत नाही, कोणाला इजा नाही. नुसतं हसं होणार. माझं झालं तसं.

२० सप्टेंबर

हार्लन काडतुसांचा डबा घेऊन गेला. एक काडतूस खिडकीशी धरून बघितलं. "तुझ्या हाताला तोड नाही गं." लोणी लावायची सवय जुनीच त्याची.

पायरीवर रेंगाळला. "व्हर्ना, त्या दिवशीचं मला—"

मी दार लावून घेतलं. माफी ठेव म्हणावं खिशात. सिलिंडर अडकला की तुझं तोंड कसं होतं, ते बघायचंय मला.

२६ सप्टेंबर

उद्या स्पर्धा. चिलीचं पातेलं नेणार नाही, म्हणून कळवलं. पहिल्या बाकावर बसणार.

२७ सप्टेंबर

बार काढायच्या आधी हार्लनने माईक मागून घेतला. म्हणाला, "त्या वर्षी साचा मी सैल केला होता. व्हर्नाचा काडीचा दोष नव्हता, आणि मी गप्प बसलो. आज माझ्या बंदुकीत आहेत ती तिच्या हातची काडतुसं. ह्या खोऱ्यात तिच्याइतकं नेटकं कोणी भरत नाही."

सगळे माझ्याकडे वळून उभे राहिले. टाळ्या वाजवत होते. थांब म्हणायला मी तोंड उघडलं — पण का थांब, तेही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या बाराला सिलिंडर अडकला.