व्हॅन अंबिकेला, रामहरीला काही नाही

मी, आक्काबाई केरबा शिंगाडे, वय छप्पन्न, धंदा प्रवासी वाहतूक, राहणार पाचोड, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. दबाव कोणाचा नाही. धमकी मात्र आहे, म्हणून ते आजच करते. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा खांदा अजून पुरता नाही, पण कायद्याला त्याची गरज नसते, असे वकील श्रेयाताई सांगतात. मी बोलते आहे, त्या लिहीत आहेत. माझे शब्द बदलायचे नाहीत, असे ठरले आहे.

१. माझी पांढरी व्हॅन माझी स्वतःची आहे. पती केरबा साप डसून वारले, तेव्हा मेंढरांमागे फिरणारे कोणी उरले नाही. मी आमच्या वाटणीची मेंढरे विकून गाडी घ्यायचे ठरवले. धाकटा दीर रामहरी माझ्यासोबत शहरातल्या शोरूममध्ये आला. तिथे एका काळ्या एसयूव्हीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "वहिनी, हीच घ्यायची. गावात वट राहती. त्या डब्यात कोण बसतंय?"

मी म्हणाले, "बाया बसतील. तुझ्या ह्या उंच गाडीत चढायला म्हातारीला कुणाचा तरी हात धरावा लागतो. व्हॅनीचं दार सरकवलं, पाय टाकला की आत. मधलं सीट काढलं की कांद्याच्या गोण्या बसत्यात, शेळ्या बसत्यात."

त्याने सगळ्यांसमोर माझा अंबाडा धरला आणि माझे तोंड त्या बॉनेटवर आपटले. पुढचा दात तिथेच पडला. मी रक्त पदराला पुसले आणि व्हॅनच्या कागदांवर सही केली. म्हणून ह्या गाडीत रामहरीचा किंवा एकत्र कुटुंबाचा काडीचाही वाटा नाही. पुढे त्याने वाळूवाल्यांच्या ओळखीने स्वतःची एसयूव्ही घेतली आणि तिला पुढून लोखंडी गार्ड ठोकले. मी प्रवासी गाडी चालवायचा बॅज आरटीओतून काढला, पिवळी पाटी लावली आणि कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर ने-आण करू लागले.

२. ही व्हॅन मी रामहरीची बायको, माझी धाकटी जाऊ अंबिका, हिला देते. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या कापसाच्या हंगामात, भर दुपारी, मी बायांना घेऊन परतत होते. अंबिका अनवाणी रस्त्यावर धावत आली. ती गरोदर होती. डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती. "आक्का, त्यानं टॉमीनं मारलं," एवढेच बोलली. टॉमी म्हणजे चाक खोलायची लोखंडी दांडी. आम्ही तिला मागच्या बाजूला आडवे निजवले आणि मी गाडी घाटी दवाखान्याच्या दिशेने हाणली.

आडूळच्या अलीकडे रामहरीने गाठले. पहिल्या धडकेत मागची काच फुटून बायांच्या अंगावर आली. दुसऱ्या धडकेत व्हॅन रस्त्याखाली उतरली आणि माझा खांदा दारावर आदळून निखळला. तो टॉमी घेऊन उतरला. मागचे दार वर करून त्याने अंबिकेचे पाय धरले आणि ओढू लागला. वेचणीच्या बायांतली चंपाबाई तिला झाकायला तिच्या अंगावर पडली. टॉमी चंपाबाईच्या हातावर बसली; हाड मोडल्याचा आवाज मला पुढे ऐकू आला. तरी ती हटली नाही. बाकीच्या बाया कापसाची पोती टाकून त्याच्या तोंडाला, मनगटाला भिडल्या. त्यांतल्या मनकर्णाबाईने त्याचा कान दातांनी फाडला. तो मागे सरला तसे त्यांनी अंबिकेला आत ओढले.

आरशात तो दिसत होता. पाठीशी त्याच्या एसयूव्हीचे गार्ड, हातात परत उचललेली टॉमी.

"घे मागं, आक्का!" चंपाबाई ओरडली.

मी घेतली. त्याचा गुडघा त्याच्याच गार्डावर चेचला गेला. मग पहिला गिअर टाकून एका हाताने शहरापर्यंत आले. अंबिका वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

खांदा बसल्यावर मी अंबिकेला गाडी शिकवली. ती ब्रेक उशिरा दाबते, ते सुधारावे.

३. माझ्या हातातले चांदीचे गोठ चंपाबाईला. तिचा तो हात आता कापूस वेचत नाही.

४. पाचोडचे घर माझा मुलगा सत्यम ह्याला. मात्र ओसरीलगतची खोली अंबिका हयात असेपर्यंत तिची. तिला बाहेर काढले तर घरही तिचेच होईल.

५. दीर रामहरी ह्याला काही नाही. लिहायचे राहून गेले, असे कोणी म्हणू नये म्हणून लिहिले. माझ्या मयताला त्याने येऊ नये.

६. आम्ही केलेल्या केसमध्ये रामहरी जामिनावर आहे. मी त्याला गाडीखाली मारू पाहिले, अशी उलटी केस त्याने माझ्यावर केली आहे. परवा काठी टेकत तो दारात आला. सोबत सत्यम.

"वहिनी, तुमची केस तुम्ही मागं घ्या, माझी मी घेतो. नायतर व्हॅनीसकट पेटवीन."

सत्यम खाली बघत म्हणाला, "आई, मिटव ना. तुला जेल व्हईल."

अंबिका अंगणात गाडी धूत होती. ओल्या हातांनी ती पुढे आली. नवऱ्यासमोर मान वर करून बोलताना मी तिला प्रथमच पाहिले. "आक्का, माझ्यापायी मिटवू नका. माझी पोर ह्यानं मारली. मी कोर्टात बोलणार."

तेव्हा हे ठरले. मी गाडी मुद्दाम मागे घेतली, हे मी कोर्टात असेच सांगणार. शिक्षा झाली तर भोगीन. मी आत गेले तरी व्हॅन एक दिवसही उभी राहू नये, त्याच सकाळपासून अंबिकेने चालवावी. श्रेयाताई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, जिवंतपणी द्यायला दुसरा कागद करावा लागतो. मग तोही आजच करा. बाया फाट्यावर वाट बघतात.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार: आक्काबाई केरबा शिंगाडे (सही)

साक्षीदार:
बद्रीनाथ गोरे, राहणार पाचोड (सही)
मनकर्णाबाई पुंडलिक तांदळे, राहणार पाचोड (अंगठा). "कान मीच तोडला, हे बी लिहा," असे त्यांनी सांगितल्यावरून लिहिले.