अण्णांचा थ्रॉटल

केडगाव, मंगळवार संध्याकाळ

दमले आहे. ऑफिसातून आल्यापासून थ्रॉटलच जुळवत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अण्णांचा उजवा हात जड झालाय. तो हलता राहावा म्हणून कॉम्प्युटरवर हा विमानाचा खेळ आणि हा थ्रॉटलचा दांडा. दांडा पुढे ढकलला की इंजिनाचा जोर वाढतो, हे किती वेळा सांगितलं. तरी ते मागेच ओढतात आणि विमान धावपट्टीवर उभंच.

आज माझा आवाज चढला.

"अगं, ट्रॅक्टरची रेस मागं वढल्यावर वाढती. जल्मभर तेच केलंय. या हाताला दुसरं येत न्हाई," म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून दिला.

तो मांडीवरचा हात बघवेना. सेटिंगमध्ये जाऊन थ्रॉटलची दिशा उलटी केली. एका क्लिकचं काम. मला आधी का सुचलं नाही? खरं तर न सुचण्यासारखं काय होतं?

अण्णांनी दांडा मागे ओढला. विमान उठलं.

"आता उतरवायचं कसं?"

"उद्या शिकवते, अण्णा. दमलेय मी."

"उद्या न्हाई. हात आत्ता कुठं गरम झालाय."

मी खुर्ची पुन्हा जवळ ओढली.