धुरीच्या तंगड्यांवर उभे राहिलेले घर

मी, केराबाई भ्रतार येडू धनगर, मूळ राहणार सांगोला, हल्ली मुक्काम सोलापूर, वय साठीच्या पुढे, असे लिहून ठेवते की, शरीर थकले आहे, चार पावलांत धाप लागते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्यामागे भांडण नको, एवढ्यासाठीच लेखकास सांगून हे मृत्युपत्र लिहविले आहे.

१. सांगोल्याची जमीन व मेंढरे यजमानांची होती. ती माझा मुलगा ज्ञानू याचीच आहेत. त्याबद्दल मला काही म्हणणे नाही.

२. रेल्वे लाइनीपलीकडील दोन खोल्यांचे घर, मागचे अंगण व त्यातील धुरीची भट्टी ही मात्र यजमानांच्या पश्चात स्वकष्टाने झाली. यजमान गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर पहारेकरी होते व मी भांडी घासत असे. सुंदरम्मा तिथली स्वयंपाकीण. साहेबाने तिला सिकंदराबादेहून आणली होती. नाताळात बंगल्यावर टर्की कोंबडे कापत. छातीचे मांस टेबलावर जाई आणि तंगड्या चिवट म्हणून मडमेला नको असत. त्या सुंदरम्मा घरी आणी.

तिनेच मला शिकविले. आधी नळीतल्या शिरा सांडशीने ओढून काढायच्या. मग मीठ, गूळ, मिरी व तमालपत्र घालून उकळून गार केलेल्या पाण्यात तंगड्या बुडवून वर दगड ठेवायचा. मीठ बेताचे झाले की नाही हे ती अंडे तरंगवून पाही, मी जिभेवर थेंब घेऊन पाही, आणि यावरून आमची दरवर्षी कुरबूर होई. मग तंगड्या पुसून वाऱ्याला टांगायच्या व कातडी कोरडी झाली की आंब्याच्या लाकडाची मंद धुरी द्यायची. जाळ उठला की माल गेला. उन्हाळ्यात हे काम होत नाही, मांस नासते.

यजमान वारले त्याच वर्षी साहेब विलायतेस निघून गेला. सुंदरम्मा बंगल्याच्या फाटकाशी ट्रंकेवर बसून होती. मी विचारले, "कुटं जानार?" ती म्हणाली, "ठाऊक नाही, अक्का." मी म्हटले, "मग चल की माज्याकडं." साहेबाने मागे ठेवलेल्या टर्की कोंबड्या आम्ही पाळल्या. तंगड्या रेल्वेचे गार्ड, ड्रायव्हर नेऊ लागले. त्यावर हे घर झाले. खरेदीखतात तिचे नाव घालावे असे मी म्हणत होते. ती म्हणाली, "एकीचं असलं म्हणजे झालं." खत माझ्या एकटीच्या नावावर झाले, तिथेच पुढचा घोळ झाला.

ज्ञानूच्या लग्नात, परक्या जातीची बाई पंगतीत नको, असे व्याही म्हणाले. ज्ञानू खाली मान घालून म्हणाला, "आये, तिला मागल्या दारी वाढ." मी तिच्याबरोबर मागल्या दारी जेवले. सुनेचे तोंड मी दुसऱ्या दिवशी पाहिले. हे ज्ञानू विसरला असेल, मी विसरलेले नाही. सुनेचा यात दोष नाही, म्हणून माझ्या कानातल्या बुगड्या तिला द्याव्यात.

३. गेल्या नाताळानंतर मी अंथरूण धरले. धुराने छाती धरली, असे डॉक्टर म्हणाले. ज्ञानू भेटीस आला, बरोबर एक दलाल होता. मी पडल्या पडल्या पाहत होते, दोघे दोरीने अंगण मोजत होते. मग ज्ञानूने सुंदरम्माला विचारले, "मावशी, तुमच्या गावाकडं कोन हाय का?" ती माझ्यासाठी पेज गाळत राहिली. शेजारचे शिवयोगी तेव्हा कुंपणाशी आले. ते शाकाहारी. आमच्या धुरापायी त्यांची खिडकी कायम बंद असे, आणि त्यावरून ते फार बोललेही आहेत. पण त्या दिवशी ते ज्ञानूला म्हणाले, "आई जिवंत आहे. दोरी गुंडाळ." ज्ञानू त्याच दिवशीच्या गाडीने परत गेला.

४. तरी सदर घर, अंगण व भांडीकुंडी यांवर माझ्यामागे सुंदरम्माची मालकी राहील. तिला कोणी उठवू नये. तिच्यानंतर घर ज्ञानूच्या मुलांकडे जावे, कारण नातवंडांवर माझा राग नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवयोगी यांनी करावी. त्यांनी होय म्हटले आहे.

५. भट्टी मोडावी. सुंदरम्माचेही वय झाले आहे. गिऱ्हाइकांनी तिच्या मागे लागू नये. आमचे काम झाले.

६. मला अग्नी ज्ञानूने द्यावा. मुलगा आहे, येईल. सुंदरम्मा स्मशानात आली तर तिला कोणी अडवू नये.

हे वाचून दाखविल्यावर लेखक म्हणाले, घर देता त्या बाईशी नाते काय, ते लिहावे लागते. सुंदरम्मा दारातून म्हणाली, "मोलकरीण लिहा. भांडण नको." मी म्हटले, तसे लिहू नका. लेखक लेखणी धरून थांबले. शेवटी मी सांगितले तेच त्यांनी लिहिले आहे, व ते कोणी बदलू नये:

सुंदरम्मा, नाते: घरची.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: केराबाई भ्रतार येडू धनगर

साक्षीदार, समक्ष:
१. शिवयोगी चनमल्लप्पा, शेजारी (सही)
२. धोंडीराम महिपती, रेल्वेत पॉइंटमन (सही)

लेखक: जोतीराम दगडू, दस्तुर खुद्द

मुक्काम सोलापूर, तारीख ११ माहे मार्च सन १९३४